गुडघ्यांचं कवच, खिशाला परवडणारं

हेल्मेट घेताना आपण आयएसआय मार्क पाहतो. गुडघे मात्र विसरतो. गाडी घसरली की साधी जीन्स डांबरावर क्षणात फाटते. अख्खी रायडिंग पँट महाग वाटत असेल, तर रोजच्या पँटवर बांधायचे नी-गार्ड तरी घ्याच. त्यावर ‘ईएन १६२१-१’ ही युरोपीय मानकाची खूण शोधा. ठरावीक आघातात लेव्हल १ चं पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पलीकडे जाऊ देतं, लेव्हल २ चं फक्त २०. दुकानात ते बांधून नुसतं उभं राहू नका, गाडीवर बसा. गुडघा वाकवल्यावर पॅड वाटीवरून सरकलं, तर स्वस्त असलं तरी नको. मांड्या-नितंबांसाठी पुढे पँट घ्याल, तेव्हा लेबलवर ‘ईएन १७०९२’चा दर्जा वाचा, माझ्या मते शहरातल्या फिरण्याला एए पुरतो.