पितळेचा बिल्ला काय सांगतो?

समजा, माळ्यावरची आजोबांची लोखंडी ट्रंक तुम्ही उघडली. आत पट्टा, दोनचार पदकं, पिवळी पडलेली पत्रं. आणि अगदी तळाशी, फडक्यात गुंडाळलेला पितळेचा एक लंबगोल बिल्ला. लांबी जेमतेम दोन इंच. वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक भोक, आणि मध्ये ठोकून उमटवलेली चिनीसारखी अक्षरं. घरातलं कुणी म्हणतं, नाणं असेल. कुणी म्हणतं, ताईत असेल. आणि कुणी, मोडीत घातला तर किती येतील, याचा हिशेब मांडतं. वाचकहो, तो हिशेब मांडण्यापूर्वी जरा थांबावं, एवढंच मला सांगायचं आहे.

अशी वस्तू आपल्याकडे यावी कशी? त्याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढल्या. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाक या डोंगरी गावी जपान्यांना ज्या फौजेनं अडवून धरलं, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. समोर होती जपानची ५८ वी पायदळ रेजिमेंट. लढाई संपल्यावर शिपायाच्या खिशात एखादी लहानशी वस्तू खूण म्हणून राहून जाते. तीच पुढे ट्रंकेत येते आणि पुढच्या पिढीला कोडं घालते.

आता हे कोडं सोडवायचं कसं? प्रथम लिपी पाहा. अक्षरांत स्वच्छ वाटोळी वर्तुळं दिसली, तर ती कोरियन असण्याचा संभव फार. दाट, रेघारेघांच्या अक्षरांमध्ये अधूनमधून सुटसुटीत, दोनतीन फटकाऱ्यांची अक्षरं असली, तर जपानी. पण सगळीच अक्षरं दाट असतील तर? मग चिनीही असेल, जपानीही असेल. कारण जपान्यांनी ही चिन्हं चीनकडूनच घेतली. म्हणजे नुसत्या लिपीवर निकाल लागत नाही. वस्तूचा घाट पाहावा लागतो.

वाटोळी चकती आणि मधोमध चौकोनी भोक असलं, तर ते बहुधा चिनी पद्धतीचं जुनं नाणं. चौकोनी पत्रा आणि कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं असली, तर ती एखाद्या यंत्रावरची पट्टी. अशा पट्टीवर सालही असतं. पण ते इसवी सन नव्हे, सम्राटाच्या राजवटीचं. ‘शोवा’ राजवटीच्या आकड्यात १९२५ मिळवले की इसवी सन येतो. शोवा १९ म्हणजे १९४४. आणि दोन टोकांना भोकं असलेला लंबगोल पितळी बिल्ला? तो बहुतेक करून जपानी शिपायाच्या ओळखीचा बिल्ला. भोकांतून नाडी ओवून शिपाई तो अंगावर बांधीत असे.

आता वाचायला बसू. ओळी उभ्या असतात; वरून खाली वाचायच्या, आणि एकाहून अधिक असल्या तर उजवीकडून डावीकडे जायचं. आकडे सोपे आहेत. एक आडवी रेघ म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. अधिकाच्या चिन्हासारखी फुली म्हणजे दहा. आडवा चौकोन आणि त्याच्या मधून आरपार गेलेली उभी रेघ दिसली, तर ते अक्षर ‘चू’. कंपनीला जपानीत ‘चूताई’ म्हणतात, त्यातलं हे पहिलं अक्षर. साधारणपणे बिल्ल्यावर तीन गोष्टी असतात: रेजिमेंट कोणती, कंपनी कितवी, आणि शिपायाचा नंबर काय.

आणि नाव? साध्या शिपायाच्या बिल्ल्यावर नाव नसे. ते मान अधिकाऱ्याला. शिपायाचं नाव पलटणीच्या वहीत, नंबरासमोर. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला, तेव्हा लष्करी दप्तरांच्या होळ्या झाल्या आणि कितीतरी वह्या त्यांत गेल्या. नंबर राहिला, माणूस हरवला!

म्हणूनच बिल्ल्याइतकीच त्याच्याबरोबरची हकीकत मोलाची. आजोबा कोणत्या पलटणीत होते? बिल्ला कोणत्या गावाजवळ मिळाला? कोणत्या महिन्यात? आजी काय सांगत असे? हे सगळं आजच कागदावर उतरवा. रेजिमेंट, कंपनी, जागा आणि तारीख अशा चार गोष्टी जुळल्या, तर शोधाचं वर्तुळ लहान होतं. बाजारातून विकत घेतलेल्या बिल्ल्याला मात्र ही हकीकत नसते. शिवाय नकली बिल्लेही विकले जातात, तेव्हा तिथे जपून.

आणखी एक विनंती. बिल्ला चिंच-राख लावून घासू नका. चकाकी येईल, पण उथळ ठोकलेली अक्षरं झिजतील. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच फिरवा. अक्षरं कागदावर उठतील. किंवा बाजूनं तिरपा उजेड पाडून फोटो घ्या. तो फोटो आणि हकीकत जपानच्या मुंबईतल्या वकिलातीकडे पाठवता येते. युद्धात परमुलखात पडलेल्यांचा शोध घेण्याचं काम जपानचं आरोग्य, श्रम व कल्याण मंत्रालय पाहतं.

इतकी यातायात कशासाठी, असं कुणी विचारील. इंफाळच्या मोहिमेत सुमारे ३० हजार जपानी मेले. लढाईत जितके, त्याहून अधिक उपासमारीनं आणि रोगराईनं. मायदेशाबाहेर पडलेल्या त्यांच्या सुमारे २४ लाख माणसांपैकी ११ लाखांहून अधिक जणांच्या अस्थी अजून घरी पोचलेल्या नाहीत. कित्येक घरी लाकडी पेटी आली. उघडून पाहिली तर आत एक दगड, नाहीतर नाव लिहिलेला कागद. आपल्याकडेही ब्रह्मदेशात गेलेला मुलगा परतला नाही आणि आई दाराकडे पाहत राहिली, अशी घरं होती. तिचं दुःख आणि त्या जपानी आईचं दुःख वेगळं कसं म्हणावं?

बिल्ल्याचा मालक सापडेलच असं नाही. बहुधा सापडणारही नाही. पण मोडीत त्याचे येतील किती? आणि कागदावर उतरवलेली चार ओळींची हकीकत कुणाच्या तरी घरचा माणूस, निदान त्याच्या शेवटच्या मुक्कामापुरता, परत देऊ शकेल.