पंख्याचं विमान अजून का उडतं?

जेट आलं आणि पंख्याची लढाऊ विमानं भंगारात गेली, असं आपल्या हॉस्टेलवर पुष्कळांना वाटतं. मी नारायणगडच्या परिसरातला. धाकटी पंढरी म्हणतात ना, तिथला. आमच्याकडे नांगरट ट्रॅक्टरनं होते, पण उभ्या कपाशीत कोळपायचं तर बैलच लागतात. विमानांचंही तसंच आहे. कसं ते आपल्याच नौदलाच्या एका विमानावरून सांगतो.

त्याचं नाव आलिझे. फ्रेंच भाषेत व्यापारी वाऱ्यांना हा शब्द आहे. फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीच्या या विमानाचं पहिलं उड्डाण 1956 साली झालं. नाकावर पंखा, आत तीन माणसं, पोटाखाली रडार. इंजिन रोल्स रॉईसचं डार्ट, म्हणजे आपल्या अॅव्रो विमानाच्याच इंजिनाचं घराणं. काम पाणबुड्या शोधून मारण्याचं, पण बाँब आणि रॉकेटंही नेता येत. जगात फक्त दोन नौदलांनी ते वापरलं, फ्रान्सच्या आणि भारताच्या. आपली 310 क्रमांकाची स्क्वाड्रन मार्च 1961 मध्ये फ्रान्समध्येच उभी राहिली आणि तिची विमानं विक्रांत या युद्धनौकेवर आली.

आता पंखाच का? जरा गणित करू. सेकंदाला 100 किलो हवा 10 मीटरच्या वेगानं मागे ढकलली, तर 1000 न्यूटनचा रेटा मिळतो. 10 किलो हवा 100 मीटरच्या वेगानं फेकली तरी रेटा तेवढाच. पण मागच्या हवेत वाया जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. पहिल्या प्रकारात ती सेकंदाला 5,000 ज्यूल, दुसऱ्यात 50,000. सरळ दहापट! पंखा पहिलं काम करतो, जुनं जेट दुसरं. म्हणून कमी वेगात पंख्याला इंधन कमी लागतं. आलिझे पाच तास समुद्रावर घिरट्या घालू शके. वेग फार वाढला की मात्र पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात आणि पंख्याचा सगळा फायदा संपतो.

1971 च्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे पूर्ण वेग घेता येत नव्हता. तरीही चितगाव, कॉक्स बाजार, खुलना या भागांवर सी हॉक जेट विमानांच्या जोडीनं आलिझेंनीही हल्ले केले. पूर्वेकडे शत्रूची लढाऊ विमानं लवकरच जमिनीवर बसली होती, म्हणून हे जमलं. पश्चिमेला तसं नव्हतं. 10 डिसेंबरला अरबी समुद्रावर पाकिस्तानच्या एफ-104 जेटनं आपलं एक आलिझे पाडलं. आतले तिघेही परत आले नाहीत.

सगळ्या विषयाची किल्ली इथंच आहे. आकाश आपल्या ताब्यात असेल तर पंख्याचं विमान स्वस्त आणि चिवट. नसेल तर त्यातली माणसं उघड्यावर. आज अशी विमानं कोणाकडे आहेत ते बघा. ब्राझीलचं सुपर टुकानो ब्राझील, कोलंबिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, नायजेरिया अशा डझनाहून जास्त देशांनी घेतलं. त्यांची लढाई बहुतेक जंगलातल्या बंडखोरांशी नाहीतर तस्करांशी. समोर जेट नसतं, तासन् तास नजर ठेवावी लागते आणि धावपट्टी कच्चीही चालते. युक्रेननं तर 2024 मध्ये याक-52 हे शिकाऊ वैमानिकांचं पंख्याचं विमान रशियन ड्रोन पाडायला वापरलं. स्वस्त ड्रोनमागे महागडं क्षेपणास्त्र कोण घालवणार?

आलिझेला शेवटी जागा पुरली नाही. सी हॅरियर जेटसाठी विक्रांतवरचं कॅटापल्ट काढून पुढं चढाचा स्की-जंप बसवला. कॅटापल्टशिवाय आलिझेला डेकवरून उडता येईना. ते काही वर्षं किनाऱ्यावरून उडालं आणि 1991 मध्ये निवृत्त झालं. फ्रान्सनं 2000 पर्यंत वापरलं.

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळच्या नौदल संग्रहालयात एक आलिझे उभं आहे. पुढची इंडस्ट्रियल व्हिजिट गोव्याला निघालीच (आणि ती निघतेच!), तर बीचवर जाण्याआधी अर्धा तास तिकडे द्या. त्यात तीन खुर्च्या होत्या, हे लक्षात ठेवून बघा.