चिलापीचे नर बीज : हार्मोनची खरी हकीकत

तळ्यातील मासेपालनात रक्कम गुंतवू पाहणारे आपले बांधव अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. चिलापी, म्हणजेच तिलापिया, या माशाला हार्मोन देऊन फुगवतात असे बाजारात ऐकू येते. मग या धंद्यात पडावे की नाही? आणि हा मासा घरी आणावा की नाही? जायज-नाजायजचा मसला उलमांनी सांगावा, तो आमचा प्रांत नव्हे. परंतु हार्मोन केव्हा देतात, किती देतात आणि कशासाठी देतात, एवढी माहिती माल घेणाऱ्या-विकणाऱ्याला असलीच पाहिजे.

पहिली गोष्ट ही की हार्मोन मासा फुगवण्यासाठी देत नाहीत, तो नर व्हावा म्हणून देतात. नरच का हवा, हे मादीची हकीकत ऐकल्यावर कळते.

चिलापीची मादी दोन-तीन महिन्यांची झाली, हाताच्या बोटाएवढी असली, तरी अंडी देऊ लागते. नराने खड्ड्यात अंडी फळवली की ती सारी अंडी उचलून आपल्या तोंडात धरते. तोंडातच पिले निघतात, आणि ती स्वतः पोहू लागेपर्यंत दहा-बारा दिवस मादी जवळजवळ उपाशी राहते. कुदरतीची ही माया पाहून माणूस थक्क होतो. मात्र तळ्याच्या मालकाचा त्यात तोटा आहे. महिना-दीड महिन्याने ती पुन्हा अंडी घालते. तिने खाल्लेले सारे अंड्यांत आणि उपासात जाते, अंगाला लागत नाही. नराला ही जबाबदारी नाही. एकाच तळ्यात तो मादीच्या दीडपट ते दुप्पट वाढतो. शिवाय हजारो पिले तळ्यात भरतात, मोठ्यांच्या तोंडचे खाद्य खातात, आणि हंगामाच्या शेवटी जाळ्यात येतो तो सारा बारीक माल. त्याला गिऱ्हाईक कोण? उजनी धरणाच्या काठी, भिगवण-इंदापूरच्या बाजारात येणारी चिलापी मुद्दाम पाहावी. तेथे ती आपोआप वाढलेली असते आणि लहान-मोठी सरमिसळ निघते.

आपल्या देशात हा अनुभव जुना आहे. मोझांबिक जातीची चिलापी १९५२ साली भारतात आली. तिने तळी बारीक पिलांनी भरून टाकली आणि १९५९ साली तिच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. नंतर २००९ साली केंद्र सरकारने नाईल जातीच्या सुधारित चिलापीला परवानगी दिली, ती अटींसह. त्यातील मुख्य अट अशी की बीज फक्त नरांचे किंवा वंध्य माशांचे असावे.

नर बीज तयार करण्याची जी रीत जगभर चालते ती अशी. पोटातील पिवळा बलक संपून पिले नुकती खाऊ लागतात, तेव्हा ती जेमतेम एक सेंटिमीटर लांब असतात. या वयात ती नर होणार की मादी, हे शरीरात पक्के झालेले नसते. मिथाइल टेस्टोस्टेरॉन नावाचे हार्मोन अल्कोहोलमध्ये विरघळवून बारीक खाद्यावर शिंपडतात आणि खाद्य सावलीत सुकवतात, त्यात अल्कोहोल उडून जाते. १ किलो खाद्याला ६० मिलिग्रॅम, असे २१ ते २८ दिवस. मादी होणारी पिलेही नर होतात. काम नीट केले तर १०० पैकी ९५ हून अधिक नर मिळतात.

लूमवाल्या बांधवांना हे चटकन कळेल. चौकड्याची लुंगी विणायची तर सूत आधी रंगवावे लागते; थान उतरल्यावर हौदात बुडवून चौकडा येत नाही. तसेच बोटुकली झालेल्या माशाला हार्मोन चारले तरी मादीची नर होत नाही. म्हणून तळ्यावर कोणी हार्मोनची पुडी विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आता हिशेब करू. तीन-चार आठवड्यांनी पिलाचे वजन जेमतेम पाव ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे त्याने खाल्लेले खाद्य अर्ध्या ग्रॅमपलीकडे फारसे नसणार. अर्ध्या ग्रॅम खाद्यात हार्मोन येते ०.०३ मिलिग्रॅम. चारणे थांबल्यावर ते थोड्याच दिवसांत शरीराबाहेर पडते. मासा बाजारात येतो त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, शेकडो ग्रॅमचा होऊन. युरोपने १९९६ च्या नियमांत जनावरे वाढवण्यासाठी हार्मोन देणे बंद केले, पण माशांच्या पिलांना पहिल्या तीन महिन्यांत नर करण्यासाठी सवलत ठेवली, ती उगीच नव्हे.

आमच्या मते खरा धोका खाणाऱ्यापेक्षा हॅचरीतील मजुराला आहे. ही भुकटी श्वासातून आणि कातडीतून अंगात जाते. हातमोजे व तोंडाला फडके नसताना खाद्य कालवणे चुकीचे, आणि गरोदर बाईला तर त्या कामाजवळ फिरकू देऊ नये. हॅचरीचे पाणी व गाळ थेट ओढ्यात सोडणेही बरे नाही, कारण गाळात हे औषध काही आठवडे टिकते.

मिसरमध्ये या माशाला बुल्ती म्हणतात आणि तो गरिबाच्या ताटातला मासा आहे. १९८३ च्या कायद्याने तेथे मत्स्यशेतीला नाईलचे ताजे पाणी मिळेनासे झाले, शेतातून निचरून आलेले पाणी वापरावे लागले. थंडीत मासा वाढत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत तो विक्रीजोगा व्हावा लागतो. १९९० नंतर नर बीज तयार करणाऱ्या हॅचऱ्या कफ्र अल-शेख भागात वाढत गेल्या. लवकर पिले मिळावीत म्हणून कित्येकांनी प्लास्टिकच्या आच्छादनाखाली पाणी ऊबदार ठेवले. आता तो देश वर्षाला सुमारे १० लाख टन बुल्ती पिकवतो.

हार्मोनशिवायही मार्ग आहेत. १९६० साली मलाक्कात हिकलिंग यांनी दोन जातींचा संकर करून सारे नर मिळवले, पण मूळ जाती शुद्ध राखणे लोकांना जमले नाही. १९९० च्या दशकात फिलिपाईन्समध्ये असे नर तयार झाले की ज्यांची संतती जवळपास सारी नरच निघते. त्याला पिढ्यांची नोंद आणि मेहनत लागते, म्हणून बीज महाग पडते.

बीज घेताना हॅचरीला सरकारी मान्यता आहे का ते पाहावे, आणि पिलांना कोणत्या वयापासून किती दिवस खाद्य दिले ते विचारावे. भाव फारच उतरलेला असेल तर संशय घ्यावा. १०० त ५ माद्याही तळे भरून टाकू शकतात. मासा ४०-५० ग्रॅमचा झाला की २०-२५ नग उलटे धरून पाहावेत. पोटाखाली नराला दोन छिद्रे असतात, मादीला तीन. दिसत नसेल तर खाण्याचा रंग बोटाने लावावा, मग रेघ स्पष्ट होते. मादी सापडली तर ती कालवणात टाकावी, तळ्यात परत सोडू नये.