खारा वारा, लोखंडी धूळ आणि गाडीची चकाकी

बोईसरमध्ये नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या गाडीच्या बोनेटवरून तळहात फिरवला तर पत्रा गुळगुळीत लागतो. तोच हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा फिरवला, की बोटांखाली बारीक रवाळपणा जाणवतो. शांपू झाला, पाण्याचा मारा झाला, तरी काहीतरी रंगावर घट्ट बसलेलं आहे. ही साधी माती नव्हे. यातले बरेचसे कण लोखंडाचे असतात. पांढऱ्या गाडीवर काही महिन्यांनी तांबूस ठिपके दिसू लागतात ते यांचेच. मालकाला वाटतं पत्रा गंजला. प्रत्यक्षात गंजलेला असतो तो वरून येऊन बसलेला कण.

बोईसरला लागूनच असलेल्या तारापूर एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत, कापडाचे आहेत, पोलादाचेही आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वांत वर होतं. शेजारून पश्चिम रेल्वे जाते. रूळ आणि चाक घासून, ब्रेक लागून लोखंडाचा भुगा सतत उडत असतो, तेव्हा स्टेशनजवळ दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर तो जास्त सापडतो. चिल्हार फाट्याकडून येणारे ट्रक, डंपर आणि बुलेट ट्रेनच्या मार्गासाठी चाललेलं काम यांची धूळ वेगळीच. पश्चिमेला चिंचणी, नवापूर, सातपाटी, केळवे असा किनारा आहे. एका बाजूने कारखाना, दुसऱ्या बाजूने समुद्र आणि वरून चार महिने धो धो पाऊस, अशा पट्ट्यात गाडी मनापासून धुणं ही हौस राहत नाही, देखभालीचा भाग होते.

मात्र गाडीची चकाकी सगळ्यात जास्त घालवतं ते सकाळचं फडकं. पालघर-बोईसरच्या सोसायट्यांमध्ये रोज पहाटे एका बादलीवर आणि एका फडक्यावर ओळीने गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची वाळू दुसरीच्या रंगावर घासली जाते, दुसरीची तिसरीच्या. ज्या मालकाला गाडी जिवापाड प्रिय असते तो तर संध्याकाळीही एकदा हात मारतो. उन्हात उभ्या केलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे चमकतात ते याच प्रेमाने पडलेले.

आजच्या गाडीचा रंग थरांचा असतो. खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हा वरचा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेकदा माणसाच्या केसाहूनही पातळ. चमक त्याची आणि ओरखडेही त्याचेच. मशीन लावून रबिंग-पॉलिश केलं की ओरखडे जातात, कारण त्यांच्या भोवतालचा एक-दोन मायक्रॉन थर घासून सपाट केला जातो. नुसते मेण लावून ओरखडे झाकणं निराळं आणि ते काढणं निराळं. दर सर्व्हिसिंगला रबिंग करून घेणारा माणूस आपल्या हाताने क्लिअर कोट संपवत असतो. चांगला कारागीर आधी जाडी मोजायचं यंत्र पत्र्याला लावतो आणि कडांवर, जिथे थर मुळातच पातळ असतो तिथे, मशीन हलक्या हाताने चालवतो. ज्याच्याकडे ते यंत्र नाही आणि जो सगळ्या गाड्यांना एकच जाड पॉलिश लावतो, त्याच्याकडे लाडकी गाडी देऊ नये.

जुन्या गाड्यांचं गणित वेगळं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनीवर मूळ रंग असेल तर त्यावर क्लिअर कोट नसतो. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागतो आणि नवखा माणूस घाबरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वरचा मेलेला थर निघत असतो. पण असा रंग दरवेळी थोडा थोडा कमी होतो, म्हणून पॉलिश क्वचित आणि मेण वारंवार, हा त्या गाड्यांचा नियम. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा काळ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. घरोघरी जपलेल्या खासगी पद्मिनी आणि मारुती ८०० मात्र अजून दिसतात, आणि त्यांच्यासाठी मूळ रंग हा इंजिनाइतकाच मोलाचा असतो.

धुण्याची रीत तशी सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. गाडी सावलीत आणि बोनेट गार झाल्यावर घ्यावी, नाहीतर शांपू पत्र्यावरच वाळतो. चाकं आधी, आणि त्यांचा ब्रश, फडकं, बादली स्वतंत्र, कारण ब्रेकचा भुगा तिथेच साठलेला असतो. मग वरून खाली नुसत्या पाण्याने सैल माती वाहून जाऊ द्यावी. या पायरीला बहुतेक जण कंटाळतात, आणि ओरखडे वाचतात ते इथेच. त्यानंतर दोन बादल्या, एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवायचा, एक भाग सरळ रेषेत पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून घाण सोडायची आणि मगच पुन्हा शांपूत. आधी टप, मग काचा, बोनेट, दरवाजे, आणि दरवाजाखालचा पट्टा अगदी शेवटी. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण वापरला तर घाणीबरोबर मेणही निघून जातं. चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा हात मारण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. त्याने तासभर गाडी झळकते, मग त्याच तेलकटपणावर धूळ चिकटते आणि दाराची रबरं फुगतात.

पाणी बोअरचं असेल तर वाळल्यावर पांढरे डाग उरतात. ते पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे. म्हणून शेवटचं पाणी अंगावर वाळू न देता मोठा टॉवेल पसरून टिपून घ्यायचं. पावसाळ्यात या भागात एक सोय फुकट मिळते. पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन गेल्यावर साठवलेलं पागोळ्यांचं पाणी मऊ असतं. शेवटच्या धुण्याला ते वापरलं तर डाग जवळपास पडतच नाहीत.

आता पुन्हा त्या रवाळ कणांकडे. त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचं द्रव मिळतं. धुतलेल्या गाडीवर ते फवारायचं आणि थांबायचं. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या दारावर जांभळे ठिपके उमटतात, ते वाढतात, मग एकमेकांत मिसळून ओघळ खाली येऊ लागतात. चाकांवर तर जांभळी शाईच सांडल्यासारखं दिसतं. द्रवातल्या थायोग्लायकोलेटची लोखंडाशी प्रक्रिया होऊन हा रंग येतो. वास कुजक्या अंड्यासारखा, त्यामुळे हातात मोजे आणि जागा मोकळ्या हवेची हवी. ते वाळायच्या आत धुऊन टाकायचं. जे कण तरीही उरतात त्यांना क्ले बार. मळलेल्या कणकेसारखा हा मऊ गोळा, शांपूच्या पाण्याने पत्रा निसरडा करून अलगद फिरवला की कण त्यात रुततात. गोळा खाली पडला तर टाकूनच द्यायचा, कारण जमिनीवरची वाळू घेऊन तो पुन्हा रंगावर फिरला तर सगळी मेहनत उलटते. बोईसरमध्ये राहणाऱ्यांनी हे सगळं वर्षातून एक-दोनदा केलं तरी फरक बोटांना कळतो.

मेण की सिरॅमिक, हा प्रश्न त्यानंतरचा. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. ते हाताने लावता येतं आणि कोकणातल्या पावसात काही आठवडेच टिकतं. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारलेलं, जास्त टिकणारं आणि बरंच महाग. विक्रेते ‘९एच’ कठीणपणा सांगतात तो पेन्सिलींच्या मोजपट्टीवरचा आहे. दगडगोटा लागला तर ओरखडा पडणारच.

चमक वर दिसते, गंज मात्र खालून सुरू होतो. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, आणि या किनाऱ्यावर तशी हवा वर्षातला मोठा काळ असते. केळव्याला किंवा चिंचणीला वाळूत उतरवलेली गाडी घरी आणून नुसती वरून धुतली तर मीठ चॅसीवर, सस्पेन्शनच्या सांध्यांत आणि मडगार्डच्या आतल्या घडीत तसंच राहतं. वॉशिंग सेंटरला रॅम्पवर चढवून खालून गोडं पाणी मारायला सांगावं, तेही दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच संध्याकाळी. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली तर पावसाचं पाणी दारातच साचतं आणि दार आतून सडतं. काडीने ती मोकळी करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. काचेखालच्या जाळीत अडकलेली पानंही तशीच.

डिक्कीचं दुखणं या भागाचं खास. सातपाटीहून बर्फातले पापलेट किंवा सुकवलेले बोंबील घेऊन निघालं, की थोडं पाणी पिशवीतून गळतंच. ते गालिच्याखालून स्टेपनीच्या खड्ड्यात जातं. वास येतो म्हणून लोक परफ्यूम टांगतात, पण खाली खारं पाणी पत्रा खात बसलेलं असतं. स्टेपनी बाहेर काढून खड्डा धुवावा, कोरडा करावा आणि पुढच्या वेळी मासळीसाठी झाकणाचा डबा ठेवावा. इंजिनावर मात्र प्रेशरचं पाणी मारू देऊ नये. तिथे ओलसर फडकं आणि ब्रश पुरतो.

आणि पाण्याचा हिशेब. याच पालघर जिल्ह्यात मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायकांना डोंगर उतरावा लागतो. उघडा पाइप मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज सोडतो. दोन बादल्यांची रीत रंगासाठी चांगली आहेच, पाण्यासाठीही आहे. बंगळुरूत मार्च २०२४ मधल्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर पाच हजार रुपये दंड लावावा लागला. धुतलेलं पाणी जातं कुठे, हेही बघायला हवं. तारापूरच्या सांडपाण्याने खाड्या आणि मासेमारी यांचं नुकसान झालं म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. ते कारखान्यांचं प्रकरण असलं, तरी तेल, शांपू आणि जांभळं रसायन थेट गटारात सोडणाऱ्या वॉशिंग सेंटरचं पाणीही शेवटी त्याच खाडीकडे वळतं. गाळ आणि तेल अडवणारी टाकी बसवलेलं सेंटर निवडणं गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

या साऱ्यासाठी सोयीचा मुहूर्त खंडेनवमी-दसऱ्याचा. पाऊस ओसरत आलेला असतो, चार महिन्यांचा चिखल आणि ओल गाडीत मुरलेली असते आणि पूजेसाठी गाडी धुवायची तर असतेच. दोन दिवस आधी खालून धुऊन, मॅट आणि गालिचे उन्हात वाळवून, दारांची भोकं मोकळी करून, शेवटी मेणाचा हात द्यावा. झेंडूचा हार तारेऐवजी सुती दोऱ्याने बांधावा, तार वाऱ्याने हलते आणि बंपरवर रेघा ओढते. लिंबू-मिरचीचंही तेच. बोनेटवरचं हळद-कुंकू आणि नारळाचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी भरपूर पाणी ओतून काढावं, कोरड्या फडक्याने नव्हे.