न वापरलेला, तरीही जुना

लग्नात आहेर म्हणून आलेला प्रेशर कुकर. घरात आधीच दोन कुकर असल्यामुळे तो खोक्यासकट माळ्यावर गेला आणि वीस वर्षे तेथेच राहिला. पुढे घर बदलण्याची वेळ आली, तेव्हा ‘एकदाही वापरलेला नाही’ अशी ग्वाही देऊन निम्म्या किमतीत तो विकायला काढला गेला. भांडे लखलखीत, खोका शाबूत. असा कुकर घ्यावा की नाही?

घेण्यास हरकत नाही. मात्र ‘न वापरलेला’ म्हणजे ‘नवा’ नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. कुकरचे वय वापरावरून ठरत नाही. ते त्यातील रबरावरून ठरते. ॲल्युमिनियम किंवा पोलाद वर्षानुवर्षे टिकते. रबर मात्र हवेतील प्राणवायूने आणि माळ्यावरील उन्हाळ्याच्या उष्म्याने, कोणी हात न लावताही कडक होत जाते.

शिट्टी होते तेव्हा कुकरमधील वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोने अधिक असतो आणि आतील पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. डाळ लवकर शिजते ती यामुळेच, आणि हीच वाफ भाजते तेव्हा जखम गंभीर होते.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

झाकणाची रिंग काढून दुमडून पाहावी. तिला बारीक चिरा पडत असतील किंवा ती पुन्हा पूर्ववत होत नसेल, तर ती निकामी झाली आहे. शिट्टीची नळी उजेडासमोर धरावी. पलीकडचा उजेड स्वच्छ दिसला पाहिजे. माळ्यावरच्या वस्तूंच्या छिद्रांत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, हे आपण जाणतोच. कुकरचा तळ सपाट असावा, काठाला पोचा नसावा, मुठी घट्ट असाव्यात. भांड्यावर आय.एस.आय. चिन्ह आणि आय.एस. २३४७ हा क्रमांक शोधावा. घरगुती कुकरसाठी हे चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या सर्वच कुकरांवर ते असेल असे नाही. ते नसल्यास मोह टाळावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षा झडपेची. सतराव्या शतकात डेनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुकरचा पूर्वज तयार केला, तेव्हापासून झडप ही त्याची सोबतीण आहे. पाणी आटले किंवा नळी तुंबली की ती स्वतः वितळून अथवा उडून वाफेला वाट करून देते. पण ती एरवी काहीच करीत नाही. म्हणूनच ती चालू आहे की नाही, हे घरी तपासता येत नाही. कुकरला नीट शिट्टी झाली, एवढ्यावरून झडप ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये. ती दिसायला कितीही चांगली असो, जुन्या कुकरची झडप आणि रिंग दोन्ही बदलावीत, तीही त्याच कंपनीची आणि त्याच आकाराच्या कुकरसाठी असलेली. हे सुटे भाग मिळत नसतील, तर कुकर फुकट मिळाला तरी नाकारावा.

सुटे भाग बदलल्यावर प्रथम भांडे घासून धुवावे आणि अन्न न घालता केवळ दोन पेले पाणी घालून मंद आचेवर एक-दोन शिट्ट्या होऊ द्याव्यात. मुलांना त्या वेळी ओट्यापासून दूर ठेवावे. काठातून वाफ निसटू लागली, तर लगेच गॅस बंद करावा. दाब आपोआप उतरल्यावरच झाकण उघडावे. पुढे रोजच्या वापरात कुकर दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. डाळ-तांदूळ फुगतात, म्हणून त्यांच्यासाठी निम्मीच मर्यादा पाळावी.

जुनी वस्तू उपयोगात आणणे ही आपल्या घरांची चांगली सवय आहे. तिच्यापायी वाचलेल्या पैशांतील थोडे पैसे रिंग आणि झडपेसाठी बाजूला ठेवले, तर माळ्यावरचा तो आहेर खऱ्या अर्थाने कामी येईल.