मस्तिष्कशोथ आणि अर्थलोप

ज्वर हा शरीराचा आणि उन्माद हा मनाचा, ही विभागणी व्यवहारात सोयीची असली तरी शास्त्रीय कसोटीस उतरत नाही. बुद्धिभ्रंशासह येणारा सर्वांगाचा पक्षाघात दीर्घकाळ मनोविकारांत गणला जाई. १९१३ मध्ये नोगुची व मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखविल्यावर त्याचे कारण निर्विवाद ठरले.

भाषेच्या अभ्यासकास याहून उद्बोधक उदाहरण हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूजन्य मस्तिष्कशोथाचे आहे. ओठांवर बारीक फोड उठविणारा हा विषाणू वर्षाकाठी दर दहा लाखांत दोन ते चार जणांच्या मेंदूत शोथ उत्पन्न करतो. त्याचा रोख मुख्यतः शंखखंडाच्या, म्हणजे कानशिलालगतच्या भागाच्या, अग्रभागावर व आतील बाजूवर असतो. स्मृती, भावना व शब्दार्थ यांचा या भागाशी निकट संबंध आहे. त्यामुळे ज्वराबरोबर विक्षिप्त वर्तन, भास व असंबद्ध बोलणे दिसू लागते. ही लक्षणे केवळ मानसिक मानली गेल्यास बहुमोल वेळ दवडला जातो. उपचाराविना सुमारे ७० टक्के रुग्ण दगावत. अ‍ॅसिक्लोव्हिर हे औषध वेळीच शिरेवाटे दिल्यास बहुसंख्य वाचतात. तथापि अनेकांत स्मृतीचा वा भाषेचा दोष मागे राहतो.

या दोषाचे स्वरूप वॉरिंग्टन व शॅलिस यांनी १९८४ मध्ये चार रुग्णांच्या आधारे मांडले. त्यांपैकी एकास कागदपत्रांची पेटी कशासाठी असते हे नीट सांगता येई. पोपट म्हणजे काय, हे मात्र सांगता येत नसे. निर्जीव वस्तूंचे ज्ञान शाबूत आणि प्राणी, वनस्पती व खाद्यपदार्थ यांचे लुप्त, असा हा भेद होता. परंतु त्याच रुग्णास वाद्ये ओळखता येत नसत, शरीराचे अवयव मात्र येत. म्हणजे सजीव-निर्जीव ही रेषा तंतोतंत लागू पडत नव्हती. त्यावरून उपपत्ती अशी निघाली की काही शब्दांचा अर्थ प्रामुख्याने रूपरंगादी इंद्रियगोचर गुणांवर, तर काहींचा उपयोगावर उभा असतो. पहिल्या प्रकारचे ज्ञान नष्ट झाले की प्राण्यांची नावे पोकळ होतात. उलटपक्षी, हा भेद उत्क्रांतीतून आलेल्या स्वतंत्र व्यवस्थांचा द्योतक आहे, असे काराम्झा व शेल्टन यांनी १९९८ मध्ये प्रतिपादिले.

येथे एक आक्षेप लक्षात घ्यावा लागतो. परीक्षेतील प्राण्यांची नावे वस्तूंच्या नावांहून कमी परिचित असतील, तर दिसणारा भेद अर्थवर्गाचा नसून परिचयाचा ठरेल. स्टुअर्ट, पार्किन व हंकिन यांनी १९९२ मध्ये शब्दांची वारंवारिता, परिचय व चित्रांची गुंतागुंत समान ठेवली, तेव्हा त्यांच्या रुग्णातील भेद नाहीसा झाला. अन्य काही रुग्णांत तो अशा दक्षतेनंतरही टिकला. मराठी रुग्णाची परीक्षा करू पाहणाऱ्यास यातून थेट बोध मिळतो. इंग्रजी शब्दयादीचे भाषांतर उपयोगी नाही. डॅफोडिल न ओळखणे हे मराठी भाषकाच्या बाबतीत रोगलक्षण नव्हे. परिचयाचे मोजमाप मराठीतच करावे लागेल.

विषाणू आटोक्यात आल्यावरही प्रकरण संपतेच असे नाही. सुमारे चतुर्थांश रुग्णांत पुढील काही महिन्यांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदूवर उलटते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात आढळले. यांपैकी बहुतेकांत मज्जापेशींवरील एनएमडीए ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. वर्तन वा वाणी पुन्हा बिघडली, तर ते केवळ जुन्या हानीचे अवशेष मानू नयेत. हा दुसरा विकार ओळखल्यास त्यावरही उपचार करता येतो. भाषेतील अशा बदलाची काटेकोर नोंद म्हणूनच निदानासही साहाय्यक ठरते.