एक भाषा, दोन राज्ये

भाषेच्या आधारे वेगळे राज्य मागत पोट्टी श्रीरामुलू यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये मद्रास येथे उपोषण आरंभले. १५ डिसेंबरला त्यांचे निधन झाले, आंदोलन भडकले आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आले. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातील तेलंगणाचा भाग त्याला जोडला गेला. त्याच वेळी मराठवाडा मुंबई राज्यात आला.

भाषा एक, पण वळण निराळे. निजामाच्या राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा असल्याने तेलंगणाच्या बोलीत उर्दू शब्द मिसळले. प्रमाण तेलुगू मात्र घडली ती कृष्णा-गोदावरीकाठच्या किनारी जिल्ह्यांच्या बोलीवरून. चित्रपटांत तेलंगणाची बोली बहुधा विदूषकाच्या किंवा खलनायकाच्या तोंडी आली. नोकऱ्या आणि पाणी ही भांडणाची मोठी कारणे खरीच, पण ही अवहेलनाही लहान नव्हती. २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळे झाले.

नव्या राज्यात ९ सप्टेंबर हा तेलंगणा भाषा दिन ठरला. तो कवी काळोजी नारायणराव यांचा जन्मदिवस. बोलीच्या सन्मानासाठी झटलेल्या या कवीचे वडील महाराष्ट्रातले, तर आई कर्नाटकातली.